उंबरठा काढल्यावर : निफाड तालुक्यातल्या एका घराच्या दाराखालची फट

पार्श्वभूमी

हे घर निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं गाळली आहेत. घरातल्यांना मी ज्या हाका मारतो त्याच इथे ठेवल्या आहेत: आजी, त्यांचा मुलगा अण्णा आणि सूनबाई म्हणजे आमच्या वहिनी. नातू पुण्याला नोकरीत, सणावाराला येतो. माझा धंदा घरदुरुस्तीचा. सुतार, गवंडी, प्लंबर जमवून किरकोळ कामं घेतो.

घर वीसेक वर्षांपूर्वीचं, स्लॅबचं. पुढच्या खोलीचं दार उत्तरेला. वास्तूवाल्याने उत्तरेचं दार शुभ सांगितलं होतं. निफाडच्या थंडीचा त्याने विचार केला नसावा. उत्तरेकडून गार वारं उतरलं की गोदावरी-कादवेच्या या सपाट पट्ट्यात पारा झपाट्याने घसरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत पेपरात येत राहतो आणि तो ५-६ अंशांवर आला की बागायतदारांची झोप उडते, कारण गारठ्याने द्राक्षमण्यांना तडे जातात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं.

दोन वर्षांपूर्वी आजी अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पुढे दोन चाकं असलेला वॉकर घेऊन त्या घरी आल्या. वय ७८. दाराला अडीच इंच उंचीचा सागवानी उंबरठा होता. वॉकर त्याच्यावरून जाईना. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी एका सुताराला बोलावून उंबरठा कापून काढला आणि खाली फरशीचा तुकडा बसवून घेतला. वहिनींना ते मनापासून पटलं नव्हतं. दिवाळीला त्या याच उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहायच्या. पण सासूबाईंचा पाय महत्त्वाचा, म्हणून त्या गप्प बसल्या.

अडचण

पहिला हिवाळा आजींचा अंथरुणातच, आतल्या खोलीत गेला. दुसऱ्या हिवाळ्यात त्या पुढच्या खोलीत झोपू लागल्या आणि तक्रार सुरू झाली. मी गेलो तेव्हा म्हणाल्या, "पायाशी कुणी गार पाण्याची बादली ठेवल्यावानी वाटतं रे. दोन गोधड्या घेते, तरी."

त्यांची खाट दाराच्या अगदी समोर होती. खाट आतल्या भिंतीला सरकवा, हे मी पहिल्या पाच मिनिटांत सुचवलं. बिनखर्चाचा उपाय होता. आजींनी तो उडवून लावला. "मला दार दिसाया पाहिजे. कोण आलं, कोण गेलं, ते कळाया नको?" दिवसभर घरात बसून असलेल्या बाईला दार दिसणं म्हणजे काय, हे मला जरा उशिरा कळलं. खाट तिथेच राहणार, हे धरूनच पुढचं सगळं ठरलं.

तोवर घरच्यांनी जुनी गोधडी गुंडाळून दाराशी लावायला सुरुवात केली होती. ती आतून लावावी लागते. अण्णा पहाटे चारला बागेत निघायचे, शेतीची लाइट रात्रीची असली तर त्याआधीच. ते बाहेर पडले की गुंडाळी बाजूला झालेली, परत लावणार कोण? म्हणजे थंडी सर्वांत कडक असते त्याच वेळी फट उघडी. एकदा वॉकरचं चाक त्या गुंडाळीत अडकलं आणि आजी थोडक्यात वाचल्या. दुसऱ्या वेळी गुंडाळी उचलताना तिच्याखालून विंचू निघाला. त्या दिवशी अण्णांनी मला फोन केला.

अजून एक गोष्ट तिथे गेल्यावर दिसली आणि ती मला फटीपेक्षा गंभीर वाटली. आजींच्या खाटेशेजारी कोळशाची शेगडी होती. संध्याकाळी पेटवायची आणि निखारे तसेच ठेवून झोपायचं.

वारा नेमका कुठून येतो

अण्णांचं म्हणणं साधं होतं: "भाऊ, दाराला खालून एक रबर मारून टाका." मारलं असतं तर तासाभराचं काम होतं. पण वीस वर्षं ज्या दारातून वारा आला नाही त्यातून आता का येतो, हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं.

दार आत उघडणारं. बंद झालं की ते उंबरठ्याच्या खाचेला आतून टेकायचं. म्हणजे दाराच्या खाली फट असली तरी तिच्यासमोर उंबरठा आडवा उभा असायचा. उंबरठा गेला आणि जुनीच फट उघडी पडली. शिवाय चौकटीच्या दोन उभ्या खांबांना खालून बांधून ठेवणारं लाकूडही तोच होता. तो काढल्यावर खांबांना खाली नीट आधार द्यायला हवा होता, तो कोणी दिला नाही. याचा त्रास पुढे दिसला.

फट इतकी मोठी कशी झाली, याचं उत्तर वहिनींनी दिलं. दर पावसाळ्यात दार कडीच्या बाजूला खाली घासायचं. मग सुतार यायचा आणि खालून रंधा मारून जायचा. तीन-चार वेळा तरी मारला असेल. इथे मोठी चूक होती. लाकूड पाण्याने फुगतं ते तंतूंना आडवं, म्हणजे रुंदीत. तंतूंच्या लांबीत जवळजवळ फुगतच नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांचे तंतू वरून खाली जातात, त्यामुळे पावसाळ्यात दार बाजूला आवळतं, उंचीत वाढत नाही. कोपरा खाली घासतो तो बहुतेक वेळा दार लोंबल्यामुळे. वरची बिजागरी हलवून पाहिली तर चारपैकी तीन स्क्रू नुसते भोकात फिरत होते.

फट मोजली: बिजागरीच्या बाजूला १७ मिलिमीटर, कडीच्या बाजूला १५. दिसायला सरळ, समान फट. मी तिथेच बाजारातून पट्टी मागवली असती तर फसलो असतो. आधी वरची बिजागरी दुरुस्त केली. जुन्या भोकांत सागाच्या काटक्या फेविकॉल लावून ठोकल्या आणि ५० मिलिमीटरचे लांब स्क्रू चौकटीत खोलवर नेले. दार उचललं गेलं, सरळ झालं, कडी एका बोटाने लागायला लागली. आणि फट वाढली! बिजागरीकडे १७ तशीच, कडीकडे १५ ची २१ झाली. इतकी वर्षं रंधा मारून काढलेलं लाकूड आता हिशेबाला आलं.

तीन फुटी दार, सरासरी १९ मिलिमीटर फट. गुणाकार केला तर साधारण १७४ चौरस सेंटिमीटर होतात. मॉड्युलर विटेची बाजू १९ गुणिले ९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच. अण्णांना म्हटलं, "आजींच्या पायाशी भिंतीतली एक वीट काढून ठेवली आहे असं समजा." रबर मारा, हा आग्रह तिथे संपला.

रात्री नऊला उदबत्ती पेटवून फिरवली. दाराखाली धूर आडवा होऊन थेट खाटेकडे धावत होता. दारावरच्या झरोक्याशी उदबत्ती धरली तर धूर बाहेर ओढला जात होता. खोलीतली ऊबदार हवा वरून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला गार हवा खालून आत शिरते. झरोका बुजवला तर खालची ओढही कमी होईल, असं नातवाने फोनवर सुचवलं. तर्क बरोबर होता, पण शेगडी असलेल्या खोलीत तो धोकादायक होता.

पर्याय

उंबरठा परत बसवणं. वहिनींचा हाच आग्रह आणि तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत पक्का उपाय. अडीच इंच शक्यच नव्हते, पण दोन्ही बाजूंनी उतार दिलेला ग्रॅनाइटचा बारीक उंबरठा जमेल का, असा विचार आला. कागदावर वाद घालण्यापेक्षा मी १२ मिलिमीटर प्लायची पट्टी दोन्हीकडे उतार तासून जमिनीवर टाकली आणि आजींना चालून दाखवा म्हटलं. चाकं अडली. त्यांनी वॉकर उचलला आणि क्षणभर एका पायावर डोलत उभ्या राहिल्या. वहिनींनी धावत जाऊन धरलं आणि स्वतःच म्हणाल्या, "नको भाऊ, राहू द्या." ६ मिलिमीटरच्या पट्टीवरून त्या सहज गेल्या, पण तेवढ्याने वारा अडत नाही.

फोमच्या दोन नळ्या असलेलं कापडी कव्हर, जे दाराखाली सरकवलं की आतबाहेर दोन्हीकडे बसतं. नातवाने ते आधीच ऑनलाइन पाठवलेलं होतं. भाड्याच्या घरात, गुळगुळीत फरशीवर, चांगली वस्तू. इथे पहिल्याच दिवशी फरशी पुसताना भिजलं आणि आठवड्यात उंदरांनी एक टोक कुरतडलं.

चिकटवायची सिलिकॉन पट्टी. दाराला ऑइलपेंट, त्याचे पोपडे सुटायला आलेले, वर द्राक्षबागेतली धूळ. पकडणार नाही, हे हात फिरवून कळत होतं.

दार बंद झालं की आपोआप खाली उतरणारं सील. काम सुबक करतं, पण दाराच्या पोटात खाच मारावी लागते आणि धुळीने यंत्रणा अडकली की गावात दुरुस्त करणारा कुणी नाही. सोडून दिलं.

उरली जुनी सुतारी पद्धत. दाराला खालून लाकडाची पट्टी जोडून कापलेली उंची परत द्यायची आणि राहिलेल्या छोट्या फटीला ॲल्युमिनियमच्या पट्टीतला नायलॉनचा ब्रश लावायचा. ब्रश की रबर, यावर सुताराचं आणि माझं थोडं वाजलं. रबर वारा जास्त अडवतं, हे त्याचं म्हणणं खरंच. पण मी दार बंद, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशा तिन्ही ठिकाणी फट मोजली होती. दार काटकोनात उघडलं की कडीकडच्या कोपऱ्याखाली फरशी ५ मिलिमीटर उंच होती. गवंड्याने उतार बाहेर काढताना केलेली करामत. बंद दाराला घट्ट बसणारं रबर तिथे घासून फाटलं असतं, नाहीतर दार अडलं असतं. ब्रशचे केस वाकतात आणि परत उभे राहतात.

शेगडीचा निर्णय

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग सुतारीचा नव्हता.

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे लाल दिसतात, धूर नसतो, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. रक्तात ऑक्सिजनऐवजी तो वायू भरत जातो. डोकं जड होतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला ते कळतसुद्धा नाही. या खोलीत आजवर काही झालं नाही त्याचं एक कारण तीच विटेएवढी फट आणि वरचा झरोका. जी हवा आजींचे पाय गोठवत होती तीच रात्रभर खोली धूतही होती. फट बुजवून शेगडी तशीच ठेवली असती तर मी त्यांना थंडीतून काढून त्याहून वाईट गोष्टीत ढकललं असतं.

म्हणून अट घातली: शेगडी खोलीबाहेर गेल्याशिवाय दाराला हात लावणार नाही. अण्णा चिडले. "माझा बाप शेगडीशेजारी झोपून नव्वद वर्षं जगला." मी विचारलं, "कुठल्या घरात? कौलांच्या ना?" जुन्या घराला कौलांतून, पाख्यातून, भिंतीच्या माथ्यावरून दहा ठिकाणी वाट होती. स्लॅबच्या खोलीत ती नाही. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शेगडी दाराबाहेरच्या ओट्यावर गेली होती. संध्याकाळी तिथे बसून शेकायचं, झोपताना रबरी पिशवीत गरम पाणी भरून गोधडीत पायाशी ठेवायची, असं ठरलं. झरोकाही उघडाच ठेवायचा. नातवाला ते पटायला दोन फोन लागले.

प्रत्यक्ष काम

काम एका दिवसाचं. सकाळी दार उतरवून अंगणात दोन सुतारी घोड्यांवर आडवं टाकलं. खालची कड पाहिली तर कच्चं लाकूड, रंगाचा थेंब नाही. प्रत्येक वेळी रंधा मारला आणि तसंच सोडलं, त्यामुळे वीस पावसाळ्यांचं पाणी तंतूंच्या तोंडातून वर चढत होतं. एका कोपऱ्याला टाचणी टोचली तर सहज आत गेली. तेवढा भाग पोखरून सागाचा तुकडा बसवला.

मग पट्टी. खालची कड तिरकी तासलेली असल्यामुळे पट्टीही तिरकी हवी होती: बिजागरीकडे ८ मिलिमीटर, कडीकडे ११. याहून बरीच जाड केली असती तर काटकोनातल्या त्या उंच फरशीला घासली असती. फेविकॉल आणि माथे बुडवलेले स्क्रू, वर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, कडेलाही. दार बसवल्यावर फट मोजली तर ९ आणि १० मिलिमीटर. उघडल्यावर त्या अवघड जागी ५.

ब्रशची पट्टी दाराच्या आतल्या अंगाला. दार आत उघडतं, चौकटीच्या खाचेला ते बाहेरच्या अंगाने टेकतं, म्हणून आतून पूर्ण रुंदीत पट्टी बसते. बाहेरून लावली तर चौकटीत अडकते आणि पावसात भिजते ते वेगळंच. हॅकसॉने कापताना बिजागरीकडे ४ मिलिमीटर मोकळे सोडले. स्क्रूची भोकं लांबट असतात; आधी मधोमध सैल आवळले, दार दहा-बारा वेळा उघडलं-लावलं आणि ब्रश जमिनीला दोनेक मिलिमीटर दाबला जाईल असं खाली घेऊन पक्कं केलं. दाराआतलं जाड पायपुसणं बाहेर गेलं, नाहीतर ब्रश त्यावर चढला असता.

निकाल

त्या रात्री परत उदबत्ती. दाराखाली धूर जवळजवळ सरळ वर जात होता, थोडा थरथरत. पण कडीकडच्या उभ्या फटीशी, जमिनीपासून हातभर उंचीवर, तो पुन्हा आडवा झाला. खालचा मोठा वारा थांबल्यावर बाजूचा छोटा दिसायला लागला होता. चौकटीचा तो खांब खाली तीनेक मिलिमीटर बाहेर सरकला होता. उंबरठ्याचा बंध गेल्याचा हिशेब इथे आला. दुसऱ्या दिवशी गवंड्याला आणून खांबाच्या पायाशी लोखंडी पट्टी भिंतीत रोवली, सिमेंट भरलं आणि चौकटीच्या खाचेत फोमची टेप लावली.

आजींचं म्हणणं आठवड्याने कळलं. एकच गोधडी पायावर होती. "आता वाऱ्याचा आवाज येतो, वारा येत नाही," म्हणाल्या. पहाटे अण्णा बाहेर पडून दार ओढतात आणि ब्रश आपोआप जागेवर बसतो. कुणाला उठावं लागत नाही. विंचू परत दिसला नाही, पण ब्रशमुळे विंचू येत नाही असं मी कुणाला सांगणार नाही.

पावसाळ्याने एक मर्यादा दाखवली. जुलैत तिरक्या सरी दारावर आल्या तेव्हा ब्रशमधून पाणी आत आलं. ब्रश वारा अडवतो, पाणी नाही. बाहेरून दाराच्या तळाशी पाणी पुढे झटकणारी उतरती लाकडी पट्टी लावावी लागली. दार कडीच्या बाजूला आवळलंही. जुना सुतार रंधा घेऊन आला होता. या वेळी वहिनींनीच त्याला खालच्या कडेला हात लावू दिला नाही. कडीकडची उभी कड दोन मिलिमीटर तासली आणि लगेच रंगवली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक माझी. काम सुरू करण्याआधी एक साधा थर्मामीटर खाटेखाली ठेवायला हवा होता. चार पहाटांचे आकडे आधी, चार नंतर. आता माझ्याकडे उदबत्तीचा धूर आणि आजींची गोधडी एवढाच पुरावा आहे.

दुसरी, चौकट. खालचा बंध कापलेला दिसत असूनही मी खांब ओळंब्याने तपासले नाहीत. सगळं लक्ष फटीकडे होतं. आधी पाहिलं असतं तर गवंड्याची फेरी वाचली असती आणि फोमची टेप त्याच दिवशी लागली असती.

तिसरी माझ्या आधीची, पण मी ती अण्णांना ऐकवली. उंबरठा काढणं गरजेचंच होतं. तो काढला त्याच दिवशी दाराखाली पट्टी आणि खांबाला आधार दिला असता तर आजींचा हिवाळा वाया गेला नसता. सुताराला सांगितलं होतं "उंबरठा काढ", त्याने काढला. उंबरठा काय काय काम करत होता हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. आता वॉकरसाठी उंबरठा काढा म्हणून कुणाचा फोन आला की मी दाराची खालची फट आणि चौकट दोन्ही पाहिल्याशिवाय दर सांगत नाही.

ब्रशच्या निर्णयावर मी अजून ठाम आहे. सुतार नाही. तो म्हणतो, फरशीचा उंचवटा घासून काढला असता तर रबर बसलं असतं आणि जुलैचं पाणीही कमी आलं असतं. पाण्यापुरतं त्याचं बरोबर असेल. पण आजी घरात असताना फरशी घासण्याची धूळ मला नको होती.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा वहिनींनी नेहमीप्रमाणे दारातून आत येणारी रांगोळीची पावलं काढली. कुणीतरी दार लावून परत उघडलं आणि ब्रशने पहिली तीन पावलं साफ पुसून नेली. त्यांनी मला फोन करून हसत-हसत ऐकवलं. मग पावलं दाराच्या फेऱ्यापलीकडून, आजींच्या खाटेजवळून सुरू केली आणि त्या दिवशी दार संध्याकाळपर्यंत उघडंच ठेवलं.